खराटा आणि केरसुणी : वऱ्हाडी पुरुषाच्या हातांविषयी

मार्च उलटला की अमरावती-अकोल्याच्या घरांत एक वार्षिक परीक्षा सुरू होते. गच्चीवरचा कूलर खाली उतरतो. त्याच्या टाकीचा गंज खरवडून तिला डांबर फासले जाते, ताट्यांतले जुने गवत काढून नवे भरले जाते, पंप चालतो की नाही ते बादलीत बुडवून पाहिले जाते. ही परीक्षा कुणी द्यायची हे ठरलेले असते. घरात विज्ञानाची पदवी घेतलेली थोरली मुलगी असली तरी हाक जाते ती दहावीतल्या धाकट्या भावाला. आणि ज्या घरातल्या पुरुषाला हे जमत नाही, बाहेरून मिस्त्री बोलवावा लागतो, तेथे ‘पुरुषासारखा पुरुष असून…’ अशी सुरुवात असलेले एक वाक्य कधी ना कधी ऐकू येतेच. अकोल्याचा पारा पंचेचाळीस अंशांपुढे गेला की त्या वाक्यातला विनोद उडून जातो. (ओल्या जमिनीवर उभे राहून चालू कूलरला हात लावल्याने माणसे दगावल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आधी बटण बंद करणे हे या परीक्षेत भित्रेपणाचे लक्षण मानले जाते की काय, अशी शंका आम्हांस येते.)

घरातल्या पुरुषाला खिळा ठोकता यावा, वायर जोडता यावी, गळका नळ बसवता यावा, ही अपेक्षा आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती कधीपासूनची, हे विचारावेसेही कुणाला वाटत नाही. आमच्या मते, निदान वऱ्हाडापुरती तरी, ती फार तर तीन-चार पिढ्यांची आहे. त्यापूर्वीच्या वऱ्हाडी पुरुषाकडून पुष्कळ गोष्टींची अपेक्षा होती. हाताच्या कसबाची अपेक्षा मात्र पुरुषाकडून नव्हती, ती जातीकडून होती. जातीची ती जागा पुरुषपणाने कशी घेतली, आणि घेताना कोणत्या हातांना हिशोबाबाहेर ठेवले, ते या टिपणात पाहावयाचे आहे. वऱ्हाड म्हणजे येथे आम्ही अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ हे जुने चार जिल्हे धरतो. वाशीम १९९८ साली अकोल्यातून वेगळा झाला, तोही यांतच आला.

अमेरिकेतील इतिहासकार स्टीव्हन गेल्बर यांनी १९९७ सालच्या एका निबंधात तिकडच्या ‘हरहुन्नरी’ नवऱ्याचा इतिहास मांडला आहे. कामाची जागा घरापासून तुटली, पुरुष दिवसभर बाहेर राहू लागला, आणि मग उपनगरातल्या घरात आपल्यालाही काही स्थान असावे म्हणून त्याने सुट्टीच्या दिवशी हातोडा नि करवत उचलली, असा साधारण त्या मांडणीचा रोख आहे. ही कथा आपल्याकडे जशीच्या तशी लावता येत नाही. आपल्या गावात हातोडा आधीच एका जातीच्या मालकीचा होता.

त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ सालचा. रसेल आणि हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जातिजमातींवरचे चार खंड त्याच्या पुढच्याच वर्षीचे. पहिल्या ग्रंथातले गाव देशावरचे, दुसऱ्यातला प्रदेश नागपूर-वऱ्हाडाकडचा, आणि दोघांची दृष्टी निराळी. पण दोन्हींत हाताचे काम आणि जात यांची सांगड अशी घट्ट आहे की एकावाचून दुसरे सांगताच येत नाही. फाळाला धार लावायची तर लोहार, जू बसवायचे तर सुतार, वहाण शिवायची तर चांभार, हजामत करायची तर न्हावी. आपल्या नांगराची दुरुस्ती येत नाही म्हणून पाटलाला कुणी हसले नाही. उलट त्याने स्वतः वाकस हाती घेतला असता तर गावाने ‘पाटलाची दशा फिरली’ असेच म्हटले असते. माणूस जितका वरचा, तितके त्याचे हात कोरडे. आणि हात कोरडे असणे हाच त्याच्या पुरुषार्थाचा भाग. ‘पांढरपेशा’ हा आपला शब्द पाहा. ज्याचे कपडे कामाने मळत नाहीत तो, एवढे त्यातून कळते. १८९७ साली अमरावतीस काँग्रेसचे अधिवेशन भरले, त्याचे स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे होते. त्यांच्या पिढीतल्या नामांकित वकिलाचे मोठेपण त्याच्या वक्तृत्वात, कायद्याच्या ज्ञानात आणि दारातल्या गडीमाणसांत मोजले जाई. दारची बग्गी त्याला स्वतःला जोडता येते काय, हा प्रश्नच कुणाच्या डोक्यात नव्हता.

या कोरड्या हातांचा शेवट मराठी नाटकाने पाहिला आहे. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली १९८५ साली रंगभूमीवर आले. एलकुंचवार यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्याचे; नाटकातले देशपांडे वऱ्हाडातले वतनदार. वाड्याच्या दारात एक ट्रॅक्टर गंजत पडला आहे. त्या ट्रॅक्टरविषयी समीक्षेत बरेच लिहिले गेले. सरंजामशाहीच्या ऱ्हासाचे प्रतीक म्हणून विद्यार्थी तो परीक्षेत बिनचूक लिहितात. आम्हांस त्यातली साधी गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. घरात कर्ते पुरुष असताना तो यंत्राचा सांगाडा दारातच पडून राहतो. भास्कर वडीलकीचा आव आणतो, सुधीर मुंबईहून पाहुण्यासारखा येतो, आणि घरातली राबणुकीची कामे एकटा चंदू करतो: अविवाहित, धाकटा, कुणाच्या खिजगणतीत नसलेला. ज्याचे हात चालतात त्याला त्या वाड्यात पुरुष म्हणून किंमत नाही. आजच्या अपेक्षेच्या नेमके उलट चित्र, आणि तेही अवघे चाळीस वर्षांपूर्वीचे.

आता थोडे भाषेकडे. हातची सारी कामे येणाऱ्याला आपण ‘हरहुन्नरी’ म्हणतो. ‘हुन्नर’ फारसीतून आला. यंत्रे दुरुस्त करणारा ‘मिस्त्री’ पोर्तुगिजांच्या ‘मेस्त्रे’वरून आला. म्हणजे गुणासाठीही आणि माणसासाठीही आपण शब्द बाहेरून घेतले. घरच्या पुरुषासाठी आपला जुना शब्द आहे ‘कर्ता’. आणि गंमत अशी की या कर्त्याने हाताने काही करणे अपेक्षित नाही. तो व्यवहार करतो, सही करतो, सोयरीक ठरवतो. बाईच्या हाताविषयी मात्र भाषा वेगळीच बोलते. तिच्या हाताला ‘चव’ असते, सुईणीच्या हाताला ‘गुण’ असतो. कसब, कौशल्य, कारागिरी हे शब्द त्या हातांकडे सहसा वळत नाहीत. चव आणि गुण ही जणू निसर्गाची देणगी. ती शिकावी लागत नाही, म्हणून तिचे मोलही द्यावे लागत नाही. आणि ज्या पुरुषाच्या हातून काही होत नाही त्याला विचारतात : ‘हातात बांगड्या भरल्यात का?’

हा वाक्प्रचार महाराष्ट्रभर चालतो, पण कापसाच्या मुलखात तो विशेष विचित्र ठरतो. वऱ्हाडातली पेरणी ज्यांनी पाहिली आहे त्यांना आम्ही काय म्हणतो ते लगेच कळेल. तिफण हाकणारा पुरुष पुढे. मागे सरते धरून चालणाऱ्या बाया. सरत्याच्या नळीतून मुठीतले बी किती सुटते, दोन दाण्यांत अंतर किती राहते, हे सारे त्या बाईच्या बोटांवर. एक मूठ सैल सुटली तर बियाणे वाया, घट्ट राहिली तर तासात खंड. हे हुन्नर नव्हे तर काय? अकोल्याचे कवी विठ्ठल वाघ यांच्या ‘तिफण’ या प्रसिद्ध कवितेतही बैल हाकणारा शिव आणि बियाणे घेऊन त्याच्यासोबत चालणारी पार्वती आहे. कवीच्या नजरेतून ती जोडी सुटलेली नाही. पुढे निंदण बायांचे. वेचणी बायांची. बोंडाच्या वाळलेल्या टोकांनी बोटे सोलवटून घेत, पाला-काडी न येऊ देता कापूस ओढून काढणे ही घाईची आणि नाजूकपणाची एकदम कसोटी. पहिल्या वेचणीला शेतात सीतादही करण्याचा मानही बाईचाच. म्हणजे ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण ज्या पांढऱ्या सोन्यावर उभी राहिली ते सोने आरंभापासून बांगड्या भरलेल्या हातांतून गेले, आणि नाकर्तेपणाची खूण म्हणून भाषेने नेमक्या त्याच बांगड्या निवडल्या.

एक मात्र खरे की नांगर, वखर, तिफण यांचा रुमणा बाईने धरायचा नाही. असे का, याची उत्तरे गावोगाव वेगळी मिळतात. कुणी शक्तीचे कारण देतो, कुणी अपशकुनाचे. शक्तीचे कारण आम्हांस पटत नाही. डोक्यावर पाण्याच्या दोन घागरी आणि कडेवर मूल घेऊन बाई चढ चढते तेव्हा शक्तीचा प्रश्न कुणी काढीत नाही.

यंत्र आले तेव्हा ही वाटणी आणखी पक्की झाली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात आले. अमेरिकेतील यादवी युद्धाने १८६० च्या दशकात इथल्या कापसाला भाव दिला, आणि १८६७ साली मुंबईची रेल्वे अकोला-बडनेऱ्यावरून नागपूरला पोचली. रेल्वेच्या मागोमाग सरकी काढण्याचे आणि गाठी बांधण्याचे कारखाने उभे राहिले. त्यापूर्वी सरकी काढायची ती घरातल्या हातचरखीवर, आणि ती चरखी फिरवणाऱ्या बहुधा बायाच. जिनिंगमध्येही बाया गेल्या, पण यंत्राच्या तोंडाशी कापूस टाकण्यापुरत्या. यंत्र बिघडले की ते उघडणारा फिटर पुरुष. सरकी काढण्याचे काम शतकानुशतके जिच्या हातात होते, ती एका पिढीत त्याच कामातली बिनकसबी मजूर ठरली.

आमच्या मते पुढची पायरी सर्वांत महत्त्वाची. सायकल आली, शिवणयंत्र आले, विहिरीवर ऑइल इंजिन आणि मग विजेचा पंप आला, शेवटी घरात वीज आली. ही यंत्रे दुरुस्त करणे कोणत्या जातीचे काम? कोणत्याच नव्हे. विजेच्या बटणाला बलुतेदार नव्हता. लोहार-सुतारांची मुले या नव्या कामांकडे आधी वळली हे खरे. पण फ्यूज बांधण्यासाठी दर वेळी कुणाला बोलावणार? घरातल्या कुणीतरी ते शिकणे भाग होते. ते शिकण्याची परवानगी कुणाला आणि मनाई कुणाला, हे ठरवताना गावाने जुनाच नियम लावला, फक्त त्यात जातीच्या जागी पुरुष हा शब्द घातला. १९५० पासून कारागीर प्रशिक्षणाची योजना सुरू झाली; पुढे तालुक्या-तालुक्यांतून आयटीआय निघाले. तिथे फिटर, टर्नर, वायरमन, वेल्डर या वर्गांत मुलगे बसले आणि मुली शिवणकर्तनाकडे गेल्या. ब्राह्मणाचा, कुणब्याचा, माळ्याचा, महाराचा मुलगा एका बाकावर बसून लोखंड कानसू लागला, ही त्यातली मोठीच गोष्ट, आणि ती आम्ही कमी लेखीत नाही. जे हात शतकानुशतके वेगळे ठेवले होते ते एका कामाला लागले. परंतु त्याच वर्गाच्या दाराशी दुसरी रेघ ओढली गेली, आणि ती कुणाला रेघ वाटलीही नाही.

याच काळात अमरावतीत पुरुषाच्या शरीराचा एक फार मोठा प्रयोग चालू होता. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या आखाड्यातून हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ वाढले. १९३६ साली मंडळाचे पथक बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी गेले, आणि भारतीय खेळांची व व्यायामाची प्रात्यक्षिके त्याने तेथे करून दाखवली. ‘एतद्देशीय पुरुष दुबळा आणि बायकी’ या इंग्रजी शेऱ्याला ते उत्तर होते. अशा शेऱ्यांनी बंगालमध्ये काय केले ते मृणालिनी सिन्हा यांनी ‘कलोनिअल मॅस्क्युलिनिटी’ या १९९५ च्या ग्रंथात दाखवले आहे. वऱ्हाडावर असा ग्रंथ कुणीतरी लिहावयास हवा. येथे एवढेच नोंदवतो की आखाड्याने पुरुषाला बळ दिले, शिस्त दिली, अभिमान दिला, पण त्याच्या हातात अवजार दिले नाही. जोर, बैठका, मल्लखांब, लाठी यांतून जे शरीर घडते ते प्रदर्शनास आणि प्रतिकारास योग्य. घरातल्या कामाशी त्याचा संबंध नाही. पुढे मंडळात मुलीही शिकू लागल्या, आणि मुलींच्या मल्लखांबाने बळ म्हणजे पुरुष हे समीकरण आखाड्यातच मोडले. घरातल्या कूलरपर्यंत मात्र ती बातमी पोचली नाही.

बळाचा हा आखाडा उभा राहत होता, त्याच जिल्ह्यात त्याच वर्षांत एक माणूस खराटा घेऊन हिंडत होता. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा; जात परीट. वडील दारूपायी गेले, आणि मुलगा वाढला अकोला जिल्ह्यात, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुरे गावी, मामाच्या घरी. तेथे डेबूजी उत्तम शेतकरी म्हणून नावारूपास आले. गुरे राखणे, औत हाकणे, पडीक जमीन कसास आणणे यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. (त्यांचे एक चरित्रकार गो. नी. दांडेकर, तेही मूळचे परतवाड्याचे.) सावकाराने मामाची जमीन गिळली तेव्हा डेबूजी त्याच्यापुढे उभे राहिले. म्हणजे गावाच्या हिशोबात पुरुषाला जे जे हवे ते सारे त्यांच्यापाशी होते. १ फेब्रुवारी १९०५ रोजी ते घर सोडून निघाले, आणि हातात आला तो खराटा.

गाडगेबाबांच्या खराट्याविषयी जे लिहिले गेले ते मुख्यतः जातीच्या आणि स्वच्छतेच्या अंगाने, आणि ते योग्यच आहे. गावची रस्तेझाड हे महाराच्या माथी मारलेले काम. कीर्तनकार येऊन ते आधी स्वतः करतो, फुकट भाकर खात नाही, आणि दिवसा गाव झाडून रात्री कीर्तनात डोकी झाडतो, यातला घाव जातीवर होताच. पण या खराट्याला दुसरेही एक अंग आहे. झाडणे हे वऱ्हाडात, खरे तर अवघ्या महाराष्ट्रात, दोघांचेच काम होते : घराबाहेर महाराचे आणि घरात बाईचे. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहिले जाते, घरातले पुरुष तिच्यापुढे हात जोडतात, आणि दुसऱ्या दिवशी तिला स्पर्श करीत नाहीत. अशा समाजात एका धडधाकट, औत हाकण्यात नाव कमावलेल्या पुरुषाने झाडण्याचे अवजार उचलून ते जन्मभर खाली न ठेवणे, हे पुरुषपणाच्या कल्पनेवरही मोठे आक्रमण होते. १९३७ च्या ऑक्टोबरात शेजारच्या वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. तिने हस्तोद्योग शाळेच्या मध्यभागी आणला, आणि मुलग्यांच्या हाती टकळी आली. सूतकताईही तोवर बहुतांशी बायांचीच. खराटा आणि टकळी, दोन्ही अवजारे एका मागोमाग एक पुरुषाच्या हातात आली, तीही या कापसाच्या टापूत.

तरीही शेरा मारल्यावाचून राहवत नाही. बाबांच्या हातात खराटा होता, केरसुणी नव्हती. खराटा अंगणाचा, रस्त्याचा, घाटाचा, केरसुणी घरातली. ऋणमोचनच्या यात्रेपासून पंढरपूरच्या चोखामेळा धर्मशाळेपर्यंत तो खराटा फिरला, आणि जिथे फिरला तिथे घाट, धर्मशाळा, सदावर्ते उभी राहिली. घरात मात्र आई सखुबाई, पत्नी कुंताबाई आणि मुले राहिली. कुंताबाईंच्या केरसुणीविषयी आपल्या वाङ्मयात किती पाने आहेत? संतावर टीका करावी म्हणून आम्ही हे म्हणत नाही. हातांची वाटणी मोडण्याचे इतके मोठे धैर्यही उंबरठ्याच्या बाहेरच चालले, आणि समाजाने ते तितकेच स्वीकारले, हे ध्यानात यावे म्हणून म्हणतो. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे येताना वलगावजवळ बाबांनी देह ठेवला. २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि मंत्री, अधिकारी, सरपंच खराटा हाती धरून छायाचित्रांत उभे राहिले. त्यांतल्या किती जणांनी घरी गेल्यावर केरसुणी उचलली, हे त्यांच्या घरच्यांनाच विचारावे.

संतांना आणि महात्म्यांना जे शोभले ते सामान्य माणसाला परवडले नाही. सामान्य माणसाचे हात चालले नाहीत तर काय होते, ते उद्धव शेळके यांच्या ‘धग’ने सांगितले. ही कादंबरी १९६० ची, अमरावतीकडच्या गावातली, संवाद अस्सल वऱ्हाडीत. महादेव जातीने शिंपी. म्हणजे जुन्या हिशोबाने ज्याच्या हातात कसब असणे गृहीतच आहे असा पुरुष. आणि नेमका तोच कामाला नाराज, उमेद नसलेला. त्याची बायको कौतिक मोलमजुरी करून संसार ओढते. ‘धग’ ही कौतिकच्या झुंजीची कथा म्हणून वाचली जाते, वाचावी. पण शिकवताना महादेवला ‘आळशी नवरा’ म्हणून दोन ओळींत निकालात काढण्याची जी पद्धत पडली आहे ती आम्हांस खटकते. त्याच्याभोवतीचे प्रत्येक माणूस त्याला एकाच मापाने मोजते, आणि त्या मापात तो कधीच भरत नाही. पुढे तर त्याला महारोग जडतो. शिंप्याचीच बोटे जाण्याची वेळ यावी, यात शेळक्यांनी कोणताही अलंकार योजलेला नाही. त्या काळच्या वऱ्हाडात हा रोग घरोघरी ठाऊक होता.

येथे कादंबरीच्या बाहेरचे एक ठिकाण आठवते. १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीच्या कडेला तपोवन वसवले. घराने आणि गावाने टाकलेले कुष्ठरोगी तेथे राहू लागले, आणि औषधोपचाराच्या जोडीला सुतारकाम, विणकाम, शेती अशी कामे करू लागले. बोटे झडलेल्या, संवेदना गेलेल्या हातांनी रंधा धरला. तपोवनातले लाकडी सामान अमरावतीच्या कित्येक घरांत गेले. घरातला धडधाकट पुरुष कपाटाची बिजागरी बसवता येत नाही म्हणून हिणवला जात असेल, तर ते कपाट कदाचित अशा हातांनी केलेले असेल. तपोवनात हाताचे काम पुरुषपण सिद्ध करण्यासाठी नव्हते; आपण अजून माणसांत आहोत एवढेच त्याने सिद्ध व्हायचे होते. तिथे बायाही होत्या आणि त्याही काम करीत.

‘धग’नंतर बेचाळीस वर्षांनी, २००२ साली, बुलढाणा जिल्ह्यातल्या सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ आली. २००४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. एकनाथ उच्चशिक्षित आहे. नोकरीसाठी भरायला पैसा नाही, शेतीत राम नाही. पेन धरण्यासाठी घडवलेले हात कासऱ्यावर परत आले आहेत, आणि बायको अलका, जिला शिकलेला नवरा मिळाल्याचे समाधान होते, ती अखेरीस घर सोडून जाते. पांढरपेशा होण्याचे आश्वासन आणि कर्ता असण्याची सक्ती, दोन्ही एकाच माणसावर. महादेवला निदान शिवणे आले पाहिजे एवढी एकच अपेक्षा होती. एकनाथकडून सगळ्याच आहेत.

‘बारोमास’ प्रसिद्ध झाली तेव्हा वऱ्हाडातल्या आत्महत्यांच्या नोंदी सरकारदरबारी नुकत्या सुरू झाल्या होत्या. अमरावतीच्या विभागीय आयुक्तालयातली यादी २००१ पासूनची. १ जुलै २००६ रोजी पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली; त्यांपैकी पाच वऱ्हाडातले, सहावा वर्धा. भाव, कर्ज, कोरडवाहू जमीन, बियाण्यांचा खर्च ही कारणे अभ्यासकांनी मांडली आहेत. ती खरी आहेत, आणि पुरुषपणाच्या चर्चेने ती झाकली जाऊ नयेत. पण आणेवारी घसरलेल्या त्याच गावात, तेवढ्याच कर्जाखाली, त्याच घरातली बाई दुसऱ्या दिवशी निंदणाला जाते, आणि विष घेतलेल्यांत बहुसंख्य पुरुष असतात, हेही खरे आहे. ‘कर्ता’ या शब्दाला पर्याय नाही. कर्ता हरला की तो दुसरे काहीच उरत नाही. बाईला त्या शब्दात जागा नव्हती म्हणून तिला तो ओझ्यासारखा वाहावाही लागला नाही. तिच्या वाट्याला बाकी सगळे ओझे आले.

शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने नव्वदीच्या सुमारास ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला होता : नवऱ्याने आपल्या जमिनीतला वाटा स्वखुशीने बायकोच्या नावे करून द्यावा. ज्या गावात शंभर शेतकरी असे करतील ते लक्ष्मीमुक्त गाव. पुष्कळ गावांतून पुरुषांनी तसे केलेही. महाराष्ट्रात कर्त्याने आपल्या हाताने कर्तेपण वाटून दिल्याची ही बहुधा सर्वांत मोठी घटना, आणि मराठी कथा-कादंबरीने तिची दखल जवळजवळ घेतली नाही.

नवरा गेल्यावर आता अनेक घरांत शेत बाईच करते. पेरणी, निंदण, फवारणीचा हिशोब, बाजार, बँक, तलाठी, सारे ती पाहते. पेरणीच्या दिवशी मात्र तिला तिफणीसाठी बैलजोडीसकट माणूस सांगावा लागतो, किंवा ट्रॅक्टर. पुढे हाकणाऱ्याची मजुरी जास्त, मागे सरत्यावर चालणारीची कमी. संध्याकाळी दोन्ही मजुऱ्या तीच चुकती करते. आणि त्या दिवशी एखादे सरते तिने स्वतः धरलेले असले, तर त्याची मजुरी कुठेच मांडलेली नसते.